जन्मतारखेची सनद

इसवी सन २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात, अवघ्या आठ दिवसांच्या अवधीत, महाराष्ट्रात जन्मलेली तीन माणसे देशातील असंख्य लोकांच्या दृष्टीसमोर एकामागून एक येऊन गेली; आणि त्यांना पाहण्यासाठी कोणी ग्रंथ उघडला नव्हता, कोणी सभेस गेले नव्हते, की कोणी पुतळ्यापुढे उभे राहिले नव्हते. तारीख १५ रोजी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी वकिलीचा झगा परिधान करून अलाहाबादच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीपुढे उभ्या होत्या. तारीख १८ रोजी कोल्हापूरचे व्ही. शांताराम आपल्या ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ या तीन चित्रपटांच्या संगतीत आले. आणि तारीख २२ रोजी मुंबईच्या डॉ. रखमाबाई, गळ्यात स्टेथोस्कोप आणि भोवती रुग्णालयातील स्त्रिया व परिचारिका, अशा अवतरल्या. रेल्वेचे वेळापत्रक, परीक्षेचा निकाल, गुडघेदुखीवरील उपाय किंवा एखाद्या नटीचे वय शोधण्यासाठी ज्याने गूगलचे मुखपृष्ठ उघडले, त्याला त्या सहा परिचित अक्षरांच्या जागी हे चित्र दिसले; एखाद्याने त्यावर बोट ठेवून पुढचे चार शब्द वाचले, बाकीच्यांनी आपले काम उरकले आणि ते निघून गेले.

या चित्रांना डूडल म्हणतात, आणि मोबाईल वापरणाऱ्या लहान मुलालाही ती आता परिचयाची आहेत. परंतु त्या तिघांचा त्या वर्षी कितवा जन्मदिन होता हे पाहू गेल्यास मराठी माणसाला थोडे चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. सोराबजींचा १५१ वा, शांतारामांचा ११६ वा आणि रखमाबाईंचा १५३ वा! आपल्याकडे स्मरणाचा जाबता निराळा आहे. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव आणि मग शतसांवत्सरिक उत्सव, अशा ठरीव पायऱ्यांनी आपण थोरांचे स्मरण करतो, आणि अधल्यामधल्या वर्षांसाठी वृत्तपत्रातील ‘दिनविशेष’ या सदरात एक ओळ राखून ठेवतो. पु. ल. देशपांडे यांची जन्मशताब्दी २०१९ साली महाराष्ट्रात गावोगावी थाटाने साजरी झाली. गूगलच्या मुखपृष्ठावर मात्र ते ८ नोव्हेंबर २०२० रोजी, मुंबईचे चित्रकार समीर कुलावूर यांच्या कुंचल्यातून, हार्मोनियमसह प्रकट झाले, म्हणजे त्यांच्या १०१ व्या जन्मदिनी. एकशे एक हा आकडा आपल्याकडे आहेराच्या पाकिटात शोभतो, स्मरणोत्सवात नव्हे. पण या नव्या दरबारात वर्षांच्या आकड्याला किंमत नाही, किंमत आहे ती तारखेला. ज्याची जन्मतारीख निश्चित आहे त्याची वर्णी कोणत्याही वर्षी लागू शकते. ज्याची नाही, त्याचे काय, या प्रश्नाकडे मला यावयाचे आहे. परंतु त्यापूर्वी या प्रथेचा थोडा पूर्वेतिहास सांगणे इष्ट होईल.

आरंभ झाला तो कोणाचा जन्मदिन म्हणून नव्हे, किंबहुना स्मरण म्हणूनही नव्हे. १९९८ च्या ऑगस्टअखेर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन तरुण नेवाडा राज्याच्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ या उत्सवाला निघाले होते. त्या उत्सवात एक भव्य मानवाकृती उभारून अखेरीस ती जाळतात. आपण जागेवर नाही, यंत्र बिघडले तर आरडाओरड करू नये, एवढे लोकांना कळावे म्हणून त्यांनी ३० ऑगस्ट रोजी आपल्या ‘गूगल’ या नावातील दुसऱ्या ‘ओ’च्या मागे त्या मानवाकृतीची काडीसारखी रेखाकृती काढून ठेवली. गंमत अशी की कंपनीची कायदेशीर नोंदणी अजून व्हावयाची होती; ती ४ सप्टेंबरला, म्हणजे पाच दिवसांनी झाली. संस्था कागदावर जन्मास येण्यापूर्वीच तिच्या दारावर चित्र लागले होते, आणि त्या चित्राचा मजकूर एवढाच होता की मालक बाहेर गेले आहेत.

दोन वर्षांनी, १४ जुलै २००० रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीतील बास्तीयच्या पाडावाच्या दिनासाठी चित्र हवे झाले तेव्हा ते काम डेनिस ह्वांग या उमेदवाराकडे आले. कोरियात वाढलेला, स्टॅनफर्डला चित्रकला आणि संगणकशास्त्र दोन्ही शिकलेला हा तरुण तेथे शिकाऊ म्हणून संकेतस्थळाची व्यवस्था पाहत होता. ते चित्र लोकांना इतके आवडले की हा अधिकार त्याच्याकडेच कायम झाला, आणि पुढील कित्येक वर्षे या चित्रशाळेचा तो प्रमुख राहिला. १४ नोव्हेंबर २००१ रोजी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या जन्मदिनाचे चित्र निघाले, आणि व्यक्तीच्या जन्मदिनी चित्र काढावयाचे या शिरस्त्याचा तेथे पाया पडला. कलेच्या दृष्टीने पाहिले तर हे काम दिसते तितके सोपे नाही. सहा अक्षरे, त्यांचा ठरलेला क्रम, त्यांचे ओळखीचे वळण (२०१५ पर्यंत ते रूथ केदार यांनी घडविलेले होते), आणि ही अक्षरे बुडून जाणार नाहीत पण चित्रही त्यांच्या ओझ्याखाली दबणार नाही एवढा तोल, या मर्यादेत चित्रकाराला खेळावयाचे असते. मध्ये दोन ‘ओ’ असल्यामुळे डोळे, चाके, चंद्र, पृथ्वी, भिंगे, ढोलकी यांची सोय आपसूक होते, आणि अनेक मध्यम चित्रकारांची अब्रू या दोन वर्तुळांनी राखली आहे असे माझे मत आहे. उत्तम डूडल ते, की ज्यात अक्षरे शोधावी लागतात आणि सापडल्यावर त्यांच्याविना चित्र अपुरे वाटते.

पुढे चित्रात गती आली; ४ जानेवारी २०१० रोजी न्यूटनच्या जन्मदिनी झाडावरचे सफरचंद खाली पडले. त्याच वर्षी मे महिन्यात पॅकमॅन या जपानी खेळाला ३० वर्षे झाली म्हणून मुखपृष्ठावरच तो खेळ मांडण्यात आला, आणि कचेऱ्यांतील लोक कामे टाकून त्यात असे रमले की वेळेच्या अपव्ययाचे मोजमाप करणाऱ्या ‘रेस्क्यूटाइम’ या संस्थेने जगाचे ४८ लक्ष तास आणि १२ कोटी डॉलर वाया गेले असा हिशेब मांडला. असल्या हिशेबावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. त्या तासांत लोक एरवी काय थोर कार्य करणार होते, याचा हिशेब त्याच्या शेजारी कोणी मांडीत नाही. गिटारवादक लेस पॉलच्या जन्मदिनी वाजविता येणारी गिटार, गणिती ट्यूरिंगच्या जन्मशताब्दीस त्याच्या यंत्राचे कोडे, आणि २१ मार्च २०१९ रोजी बाख या जर्मन संगीतकाराच्या ३०६ रचना अभ्यासून आपल्या चार सुरांना त्याच्या धर्तीची साथ जोडून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र, इथवर ही प्रगती गेली. कौतुक करावे असे यात पुष्कळ आहे.

तथापि या सगळ्या रम्य व्यवहाराच्या बुडाशी असलेला एक कागद वाचल्यावाचून त्याचे खरे स्वरूप ध्यानात यावयाचे नाही. तो कागद म्हणजे अमेरिकेच्या पेटंट कचेरीने मार्च २०११ मध्ये दिलेली सनद. तिचा अर्ज सर्गेई ब्रिन यांच्या नावे २००१ सालीच दाखल झाला होता, दहा वर्षे तो दफ्तरात पडून राहिला आणि अखेर मंजूर झाला. लोकांना संकेतस्थळाकडे आकृष्ट करून घेण्याची यंत्रणा व पद्धती, असा त्या सनदेचा विषय असून, विशेष प्रसंगी बोधचिन्हात बदल करावा, त्या चित्राला प्रसंगासंबंधीच्या शोधाची जोड द्यावी, चित्रांतून क्रमशः पुढे जाणारी कथा सांगावी, म्हणजे मनुष्य पुनःपुन्हा परत येईल, असा तिचा आशय आहे. स्मरण, आदर, कृतज्ञता यांपैकी एकाही भावनेचा उल्लेख करण्याची गरज त्या कागदाला पडलेली नाही. यात कोणी दांभिकता पाहील; मला ती दिसत नाही. गिऱ्हाईक दुकानाकडे वळावे म्हणून दुकानदाराने दारावर देवाचे चित्र लावले, तर चित्र वाईट ठरत नाही. मात्र कोणता देव लावावयाचा हे दुकानदार ठरवितो, एवढे भान पाहणाराने ठेवावे. २००६ साली स्पॅनिश चित्रकार जोआन मिरो यांच्या शैलीत काढलेले चित्र त्यांच्या कुटुंबाच्या व हक्कांची राखण करणाऱ्या संस्थेच्या हरकतीवरून दिवस संपण्यापूर्वीच उतरवावे लागले, तेव्हा ज्याचे स्मरण करावयाचे त्याच्या वारसांचाही या व्यवहारात काही शब्द असू शकतो हे दिसून आले. पण असे वारस आणि असे वकील सगळ्यांनाच लाभतात असे नाही.

कोणाची निवड होते, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला तो २०१४ साली. ‘स्पार्क’ नावाच्या मुलींच्या चळवळीने २०१० ते २०१३ या चार वर्षांतील व्यक्तिविषयक डूडलांची मोजदाद करून दाखविली. त्यात स्त्रिया सुमारे १७ टक्के आणि गोरे पुरुष ६२ टक्के भरले. कंपनीने आपली उणीव मान्य केली आणि स्त्री-पुरुषांचे प्रमाण समान करण्याचे ठरविले. धर्माच्या बाबतीत तिची तारांबळ अधिक झालेली आहे. ३१ मार्च २०१३ रोजी ईस्टर होता आणि त्याच दिवशी मुखपृष्ठावर शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांचे चित्र त्यांच्या जन्मदिनानिमित्त झळकले, तेव्हा अमेरिकेतील पुष्कळ भाविक क्षुब्ध झाले. धार्मिक सणांसाठी आपण चित्रे काढीत नाही, असा खुलासा २०१८ साली देण्यात आला. पण त्याच वर्षी भारतात होळीचे चित्र रंग उधळीत आले होते. धर्म कोठे संपतो आणि उत्सव कोठे सुरू होतो, याचा निवाडा आपल्याकडच्या पंडितांना शेकडो वर्षांत करता आला नाही. कॅलिफोर्नियातील चित्रशाळेला तो साधला नाही यात नवल नाही. प्रत्येक चित्र कोणकोणत्या देशांत दिसावे याचाही वेगळा निर्णय असतो. १४ एप्रिल २०१५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२४ व्या जयंतीचे चित्र भारताखेरीज अर्जेंटिना, चिली, पेरू, आयर्लंड, पोलंड, स्वीडन आणि ब्रिटन येथे दिसले. पोलंडमधील वाचकाला त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना करणे मनोरंजक आहे.

स्त्रियांविषयीच्या त्या निश्चयानंतर जी वर्षे आली, त्यांतच महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातील स्त्रिया एकामागून एक या मुखपृष्ठावर आल्या, हा योगायोग नव्हे. ३ जानेवारी २०१७ रोजी सावित्रीबाई फुले आल्या, अनेक स्त्रियांना आपल्या पदराखाली घेऊन. मग सोराबजी, रखमाबाई, आणि ३१ मार्च २०१८ रोजी आनंदीबाई जोशी. या चौघींपैकी ज्यांच्या वाट्याला मराठी वाचकाकडून सर्वांत अधिक उपेक्षा आली त्या रखमाबाई होत, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या तरुणाशी त्यांचा विवाह झाला, पण त्या आपल्या आईकडे आणि आईचे दुसरे पती डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिल्या, वाचू लागल्या, आणि जाणत्या झाल्यावर त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे साफ नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात खटला पुन्हा उभा राहिला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नपेक्षा सहा महिने कारावास भोगावा. त्या बावीस वर्षांच्या स्त्रीने कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. दरम्यान ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेल्या तिच्या पत्रांनी खळबळ उडविली होती, टिळकांच्या वृत्तपत्रांतून तिच्यावर कठोर टीका होत होती, आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रेही या दाव्यावर अग्रलेख लिहीत होती. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला वैद्यकीचा अभ्यास करण्यास गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथील रुग्णालयांत त्यांनी आपले उर्वरित कार्यकारी आयुष्य व्यतीत केले. ज्या संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली महाराष्ट्र ढवळून निघाला, त्याच्या पार्श्वभूमीत हा खटला होता. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, त्यांचे देहावसान झाले.

श्रेया गुप्ता यांनी काढलेल्या डूडलात यांपैकी काय आले? रुग्णालय आले, रुग्ण स्त्रिया आल्या, स्टेथोस्कोप आला. न्यायालय आले नाही. चित्र सुरेख आहे, आणि चित्रकर्तीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण जन्मदिनाच्या चित्राला प्रसन्न असावे लागते; वाढदिवसाच्या दिवशी फिर्यादीचे कागद कोणी दाखवीत नाही. परंतु रखमाबाईंना इतिहासात जे स्थान आहे ते प्रामुख्याने त्यांनी रुग्णांना काय दिले यावरून नव्हे, तर न्यायासनाला काय उत्तर दिले यावरून आहे, आणि त्या उत्तराची तारीख नोव्हेंबरात नाही, मार्चमध्ये आहे. चार महिन्यांनी आनंदीबाईंचे चित्र आले, बंगळूरच्या कश्मीरा सरोदे यांचे; त्यातही हाती पदवीचा कागद आणि गळ्यात स्टेथोस्कोप. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचा अंत झाला. एकीने आयुष्यभर रुग्ण तपासले, दुसरीला आपल्या देशात रुग्णसेवेला आरंभ करण्याचीही मुभा काळाने दिली नाही. आणि चित्रांत दोघींच्या गळ्यात एकच उपकरण! आनंदीबाईंच्या बाबतीत एवढे समाधान आहे की मराठी वाचकाला त्या चित्रावर अवलंबून राहावे लागत नाही. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले आहे, आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी घरोघर वाचली गेली आहे. रखमाबाईंचे चरित्र मोहिनी वर्दे यांनी परिश्रमपूर्वक लिहिले. ते किती घरांत आहे?

आता जन्मतारखेच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या परंपरेने देवांचे जन्म साजरे केले आणि संतांचे निर्वाण. रामनवमी व गोकुळाष्टमी हे जन्मोत्सव. पण तुकोबांचे स्मरण बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला, त्यांच्या वैकुंठगमनाच्या तिथीस होते. ज्ञानेश्वरांचे कार्तिक वद्य त्रयोदशीस, समाधीच्या तिथीस. माणूस कधी जन्मला हे त्याच्या थोरवीचे प्रमाण नव्हे, तो काय करून गेला हे जाताना ठरते, असा काहीसा विचार त्यामागे असावा. शिवाय जन्मसमयी त्या मुलाची नोंद करून ठेवावी असे कोणाला वाटलेलेही नसते. ज्या घरांत कुंडली मांडीत त्या घरांतील मुलग्यांची तिथी सापडते. मुलींची क्वचित. ज्यांच्या घरी कुंडली मांडण्यास कोणी फिरकत नसे, त्यांची नाहीच. खुद्द शिवछत्रपतींच्या जन्मतिथीसंबंधी दोन पक्ष पिढ्यान्‌पिढ्या वाद घालीत राहिले, शेवटी सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, आणि अजूनही तिथीने उत्सव करणारे तिथीनेच करतात. एका राज्याच्या संस्थापकाची ही कथा, तर पुण्याच्या पेठेत मुलींना शिकविणाऱ्या एका मुसलमान स्त्रीची काय असणार?

ती स्त्री म्हणजे फातिमा शेख. ९ जानेवारी २०२२ रोजी त्यांच्या १९१ व्या जन्मदिनाचे डूडल भारतात दिसले. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये, आजारपणात माहेरी नायगावला असताना, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या अनुपस्थितीत कामाचा भार तिच्यावर पडत असेल, परंतु ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. उल्लेख लहान आहे, पण दोन सहकारी स्त्रियांमधील विश्वास त्यात स्वच्छ दिसतो. पत्र आहे, नाव आहे, काम आहे. ९ जानेवारी या तारखेला मात्र समकालीन कागदाचा आधार नाही. ती तारीख अलीकडे प्रचारात आली, एकाने दुसऱ्याची पाहून लिहिली, आणि डूडलाने तिच्यावर मोहोर उमटविली. त्याचा परिणाम असा झाला की २०२५ च्या आरंभी जेव्हा त्यांच्या अस्तित्वाविषयीच गदारोळ उठला, तेव्हा त्या कच्च्या तारखेकडे बोट दाखवून पक्क्या पत्रालाही संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे विरोधकांस सुलभ गेले. तारखेची हाव धरली नसती तर त्या स्त्रीची बाजू अधिक भक्कम राहिली असती. ऑक्टोबरातील त्या पत्राच्या तारखेस चित्र आले असते, तर काय बिघडणार होते?

असे करता येते, याचा पुरावा याच दफ्तरात आहे. ४ मे २०२४ रोजी हमीदा बानू या कुस्तीगीर स्त्रीचे चित्र आले, बंगळूरच्या दिव्या नेगी यांचे. आणि ते जन्मदिनाचे नव्हते. १९५४ साली त्या तारखेस हमीदा बानूंनी बडोद्यास बाबा पहिलवान याला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केल्याची बातमी आली, त्या कुस्तीचे ते स्मरण होते. जो मला हरवील त्याच्याशी विवाह करीन, असे आव्हान त्यांनी दिले होते, आणि बाबा पहिलवानाने त्या पराभवानंतर आखाडाच सोडला. या बाईंचा महाराष्ट्राशी संबंध गोड नाही. कोल्हापुरात एका मल्लाला त्यांनी हरविले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केली आणि दगड मारले; पोलिसांना मध्ये पडावे लागले. उत्तरायुष्य त्यांनी कल्याणला दुधाच्या व्यवसायावर काढले. आनंदीबाईंचे जन्मगाव तेच. एका गावाच्या दोन स्त्रिया या चित्रशाळेत सहा वर्षांच्या अंतराने येऊन गेल्या, पण कल्याणात त्या दुसरीची आठवण कोणी काढल्याचे माझ्या कानांवर नाही. हमीदा बानूंच्या चित्रात त्या कुस्तीच्या पवित्र्यात आहेत, कारण स्मरण कुस्तीचे आहे. ज्या दिवशी माणसाने काही केले तो दिवस धरला, की चित्राला विषय शोधावा लागत नाही. रखमाबाईंचे चित्र ४ मार्चला, निकालाच्या तारखेस आले असते, तर स्टेथोस्कोपाचा आधार घेण्याची पाळी चित्रकर्तीवर आली नसती.

चित्रांसाठी सूचना कोणालाही पाठविता येतात, अशी मुभा कंपनीने ठेवली आहे. तिचा उपयोग आपल्याकडील अभ्यासकांनी करावा, आणि तो करताना जन्मतारीख सापडत नाही म्हणून हात आखडू नये. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यास छापवून घेणाऱ्या ताराबाई शिंदे यांचे जन्मवर्षही अंदाजानेच सांगतात. पण ज्या प्रसंगाने त्या पेटून उठल्या तो सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील खटला १८८१ सालचा आहे, आणि न्यायालयाच्या कामकाजाला तारखा असतात. मुक्ताबाईंची गोष्ट तर याहून सोपी. फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग जातीत जन्मलेली ही सुमारे चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही, तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल त्यात तिने पेशवाईच्या अखेरच्या आठवणी अजून ताज्या असलेल्या शहरात बसून विचारला. तिचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे कोणी लिहून ठेवले नाही. तिने लिहिलेले कोणत्या दिवशी छापले गेले ते छापील आहे. तेव्हा सूचना पाठविणाराने १५ फेब्रुवारी ही तारीख घालावी आणि ‘ज्ञानोदया’च्या त्या पानाची नक्कल सोबत जोडावी; चित्र ज्याच्या वाट्यास येईल त्याने पथ्य एकच पाळावे, की तिच्या हाती पाटी देऊन तिला नुसती विद्यार्थिनी करू नये. पाटी तिच्याजवळ होतीच. दौत आणि बोरू काढावा.